सुमनअक्काच्या मधमाश्या

दाजींचा फोन आला तेव्हा मी वर्गात हजेरी घेत होतो. "सुमन गेली रे..." एवढंच ते बोलू शकले. सकाळी छातीत कळ आली आणि राहुरीच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्याला दीड महिना झाला. अजून फळ्यावर लिहिता लिहिता माझा हात थांबतो, जेवताना मी मधेच उठतो. बायको विचारते, काय हवंय? मला सांगता येत नाही.

अक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. सारी नोकरी सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून केली. निवृत्तीनंतर आराम करेल असं वाटलं, तर ही पाच दिवसांचं प्रशिक्षण घेऊन मधमाश्यांची पेटी घेऊन आली. शेताच्या बांधावर बाभळीच्या सावलीत ठेवली आणि रोज उघडू लागली. राणीमाशी दिसते का, मध साठला का... जन्मभर प्रत्येक खाटेपाशी जाऊन ताप बघायची सवय. बाराव्या दिवशी पेटी रिकामी. माश्या उठून गेल्या होत्या. फोनवर म्हणाली, "पेशंटला झोपूच दिलं न्हाई मी." हसली नाही.

दुसरी पेटी आणली तेव्हा ती लांब बसायला शिकली. आठवड्यातून एकदाच झाकण काढायची, आधी थोडा धूर द्यायची, मग पाण्यात हात फिरवावा तसे सावकाश हात. एकदा मलाही जवळ उभं केलं. माशी मानेवर बसली तशी मी पळालो आणि दोन डंख खाल्ले.

पुढच्या वर्षी शेजारच्या रावसाहेबांनी बियाण्याच्या कांद्यावर भर सकाळी औषध फवारलं. कांदा फुलात होता. दुपारी पेटीपुढे मेलेल्या माश्यांचा खच. मी त्या दिवशी तिथेच होतो. तक्रार करू म्हणालो. अक्काने माश्या ताटलीत गोळा केल्या आणि बांध ओलांडून गेली.

"अक्का, कीड पडलीय," रावसाहेब म्हणाले. "माशीपायी पीक घालवू व्हय?"

"फवार की. पन दिवस मावळतीला, माशी फुलावर नसताना. तुझं बी भरायला हीच लागती."

पुढच्या फवारणीला रावसाहेब संध्याकाळी पाठीवर पंप घेऊन बांधावर उभे राहिले आणि हाक दिली, "अक्का, तुमच्या माश्या आत गेल्या का?" मग दर वेळी विचारूनच फवारायचे.

अक्काच्या जलदानविधीच्या दिवशी ते मागे एकटेच बसले होते. निघताना मला म्हणाले, "पेटी आता कोन बघनार?"

"मी," असं माझ्या तोंडून गेलं. कसं, ते मला अजून कळलेलं नाही.

तेव्हापासून दर रविवारी जातो. माझे हात घाई करतात, माश्या चिडतात, डंख बसतात. दाजी दारातून बघत राहतात. आत सगळं ठीक आहे की नाही, हे कळण्याइतकी नजर मला अजून नाही, आणि विचारायला कुणी नाही...

खुंटीला तिची जाळीची टोपी आहे. डोकं लहान, म्हणून तिने मागे काळ्या दोऱ्याने टीप घातलेली. मला ती कपाळाला रुतते. दाजी म्हणाले, "टीप उसव, सैल होईल." मी कात्री घेतली आणि परत ठेवली. टोपी काढल्यावर कपाळावर वळ राहतो. एसटीत बसून नगरला पोचेपर्यंत मी त्यावरून बोट फिरवत राहतो.