कऱ्हाळे सरांनी परत घेतलेला निबंध

मुंजाजी कऱ्हाळे सरांची आणि माझी पहिली ओळख औंढा नागनाथला, मी काम करतो त्या टायपिंगच्या दुकानात झाली. एका सोमवारी सर काकूंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, दर्शनाला घेऊन आले होते. काकू रांगेत उभ्या राहिल्या आणि सर आकड्यांनी भरलेली चार पाने घेऊन आमच्या दुकानात आले. आमच्याकडे लग्नपत्रिका आणि अर्जच जास्त येतात. ती पाने कशाची आहेत हे मला कळले नाही. पण तिसऱ्या पानावरचा एक आकडा आजूबाजूच्या आकड्यांहून फारच मोठा होता. मी भीतभीत विचारले, "सर, हा बराबर आहे का?"

सरांनी खिशातली वही काढून ताडून पाहिले. "माझ्याच हातून दशांशचिन्ह सरकलं. शिक्षण काय तुमचं?"

"बारावी नापास, सर."

"कशात?"

"गणितात."

सर हसले. "मंग तर या तुमी. रविवारी डोंगरकड्याला या."

तेव्हापासून सहा वर्षे मी शनिवारी संध्याकाळी डोंगरकड्याला सरांच्या घरी जातो आणि रविवारी परत येतो. सरांच्या अमृतमहोत्सवी ग्रंथासाठी लिहा, असे संपादक मंडळाने कळवले तेव्हा मी घाबरलो. सरांच्या हाताखाली शिकून इंजिनिअर, प्राध्यापक झालेले कितीतरी लोक आहेत. तरी होकार दिला, कारण एक गोष्ट माझ्याशिवाय कोणी लिहू शकत नाही. सरांचा संशोधन निबंध नाकारला गेला, असे त्यांच्या पाहुण्यांत आणि माजी विद्यार्थ्यांत बोलले जाते. तसे झालेले नाही. तो निबंध सरांनी स्वतः परत घेतला, आणि त्याला कारण मी झालो.

आधी सरांच्या कामाविषयी थोडे सांगतो. सूर्यावर डाग दिसतात, ते त्याच्या चुंबकत्वामुळे. ते वाढतात, कमी होतात, आणि असा एक फेरा व्हायला साधारण अकरा वर्षे लागतात. सूर्यासारख्या इतर ताऱ्यांवरही असे होते, पण ते इतके लांब आहेत की डाग दिसत नाहीत. मग त्यांच्या उजेडावरून अंदाज घ्यावा लागतो. ताऱ्याच्या उजेडाचे रंग वेगळे केले, की जांभळ्या टोकाला कॅल्शियमच्या दोन काळ्या रेघा दिसतात. ताऱ्यावर चुंबकीय हालचाल वाढली की त्या रेघांच्या तळाशी थोडा उजेड भरून येतो. तो उजेड मोजायचा आणि त्याला हिरव्या भागातल्या उजेडाने भागायचे. येणारा आकडा म्हणजे त्या ताऱ्याची त्या दिवसाची नाडी, असे सर सांगतात.

निवृत्त झाल्यावर सरांनी गच्चीवर पत्र्याची खोली बांधली, दुर्बीण बसवली आणि तिला जोडायचे उपकरण स्वतः तयार केले. सहा तारे निवडले. तीन दिवाळीच्या सुमाराला दिसणारे, तीन उन्हाळ्याकडचे. गेल्या सतरा वर्षांत सरांनी हे मोजमाप सोडलेले नाही. मी जायला लागल्यापासून त्यांची पद्धतही ठरलेली आहे. मोजलेला आकडा सर आपल्या वहीत लिहितात, मी माझ्या वहीत लिहितो, आणि दोन्ही वह्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळीच उघडायच्या. फरक निघाला तर दोघांचाही आकडा रद्द. सुरुवातीला मला वाटायचे की माझ्यासारख्याचा आकडा चुकला तर सरांचा कशाला रद्द करायचा? सरांनी एकदाच सांगितले, "वहीला काय माहीत, कोन पास हाय अन् कोन नापास?"

उन्हाळ्याकडच्या ताऱ्यांत अरुंधतीकेश या तारकासमूहातला एक तारा सरांचा फार आवडीचा. त्याचा आकडा दरवर्षी थोडा थोडा उतरत होता. म्हणजे तारा चुंबकीयदृष्ट्या शांत होत चालला होता, आणि दीर्घ शांततेत जाणारा तारा मोजमापात सापडणे ही मोठी गोष्ट असते. सरांनी एका संशोधन पत्रिकेसाठी निबंध लिहिला. एका विद्यापीठातले दोन संशोधक त्यात सहभागी झाले. निबंधावर चौथे नाव माझे होते. हे नाव घरी कसे दाखवायचे, याचा विचार मी खूप वेळा केला होता, खोटे कशाला सांगू?

निबंध तपासणाऱ्यांनी बारीक दुरुस्त्या सांगितल्या आणि बाकीच्या ताऱ्यांचे तक्तेही जोडायला सांगितले. ते टाइप करायला सरांनी माझ्याकडे दिले. टाइप करताना दिसले की उन्हाळ्याकडचे दुसरे दोन तारेही त्याच वर्षांत, जवळपास तेवढेच उतरले आहेत. दिवाळीकडचे तिन्ही मात्र जागेवर. एकमेकांपासून इतके दूर असलेले तीन तारे मिळून कसे शांत होतील? मी आठ दिवस तक्ते तपासले. टाइपिंगची चूक सापडावी अशी माझी फार इच्छा होती. ती सापडली नाही.

त्या रविवारी, मार्च महिन्यात, मी भर दुपारी गच्चीवर गेलो. एरवी आम्ही अंधार पडल्यावरच वर जातो आणि डोळे दिपू नयेत म्हणून लाल बॅटरी वापरतो. उन्हात दुर्बिणीच्या तोंडावरचे झाकण काढले आणि काचेच्या कडेवरून बोट फिरवले. बोट पिवळे झाले.

सरांच्या घरामागे शेषेराव यांचे आवार आहे. तिथे हळद पॉलिश करायचे ड्रम फिरतात. हळद शिजवून वाळवली की फेब्रुवारीपासून मेपर्यंत तेच चालते आणि बारीक पिवळी धूळ उडते. आधी एकच ड्रम होता, आता आजूबाजूला पाच झाले आहेत, आणि तशी दरवर्षी धूळही वाढत गेली. हळदीचा थर जांभळा उजेड अडवतो आणि हिरवा बराचसा जाऊ देतो. उपकरण तपासायचा दिवा काचेच्या आतल्या बाजूला, त्यामुळे त्याला धूळ कळणार नाही. लाल बॅटरीत पिवळे दिसत नाही. आणि काच सारखी पुसली तर तिच्यावरचा लेप खराब होतो म्हणून सर ती वर्षातून एकदाच पुसतात, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, दुर्बिणीची पूजा करताना; म्हणून दिवाळीकडच्या ताऱ्यांना काच स्वच्छ मिळायची. त्या दिवशी दुर्बिणीला आम्हीच हळद-कुंकू लावतो. फडके पिवळे झाले, तर कोणाला शंका येणार?

मी खाली आलो. सर आणि काकू ओसरीत चहा घेत होते. मी बोट पुढे केले आणि हातातले तक्ते सरांसमोर ठेवले.

सरांनी ते एकापाठोपाठ एक पाहिले. फार वेळ लागला नाही. काकूंनी विचारले, "काय झालं? आसं काहून बसलात दोघं?"

सर म्हणाले, "आपला तारा शांत झाला न्हाई. आपल्या काचेला हळद लागली."

"अगं बाई! म्हंजे ताऱ्याचं लगीनच लावलं की तुमी!"

सर मोठ्याने हसले. मी म्हणालो, "सर, माझं चुकतही असंल."

"मंग मोजून पाहू. तुझ्या म्हनन्यावर न्हाई अन् माझ्याबी न्हाई."

सर मला पहिल्यांदाच 'तू' म्हणाले.

त्या रविवारी मी परत गेलो नाही. रात्री तारा पूर्वेला पुरेसा वर आल्यावर आम्ही तो आधी धुळीसकट मोजला, मग काच पुसली आणि लगेच पुन्हा मोजला. वह्या उघडायला सकाळपर्यंत थांबायचे ही पद्धत सरांनी त्याही दिवशी मोडली नाही. सकाळी दोन्ही वह्या जुळल्या. काच पुसल्यावर तारा, मोजमाप सुरू केले तेव्हा जिथे होता, जवळपास तिथेच होता.

सरांनी दोन्ही संशोधकांना फोन लावला. त्यातले एक म्हणाले की दरवर्षी किती धूळ साचली असेल याचा अंदाज काढून आकडे दुरुस्त करू, निबंध वाचेल. सर नम्रपणे म्हणाले, "धूळ मोजलेली न्हाई, साहेब. न मोजलेलं वजा कसं करू?" मग त्यांनी निबंध परत घेत असल्याचे पत्र लिहिले आणि मला टाइप करायला दिले. त्यात एक वाक्य असे होते: काच न तपासण्याची चूक माझी असून ती माझ्या सहकाऱ्याने शोधली. पुढे माझे पूर्ण नाव होते. सरांच्या पन्नास वर्षांच्या अभ्यासातला तो पहिला निबंध होता. मी ते वाक्य काढायची विनंती केली. सर म्हणाले, "टाइप करनाऱ्यानं मजकूर बदलायचा नसतो."

शेषेरावांच्या कानावर हे गेले तेव्हा ते घाईघाईने आले. "सर, आमचे ड्रम बंद करायला लावता का आता? आमच्यानं तुमाला तकलीफ झाली म्हंतेत."

"तुमी ड्रम काहून बंद करता? काच माझी हाय. पुसायची मी."

जाताना शेषेरावांनी विचारले की हळदीच्या दिवसांत वर झाकायला ताडपत्री देऊ का? सरांनी ती घेतली. आता मोजण्याआधी दर वेळी पांढऱ्या बॅटरीने काच पाहिली जाते, हलक्या फुंकणीने धूळ काढली जाते, आणि तपासायचा दिवा काचेच्या बाहेर बसवला आहे. हिरव्याऐवजी कॅल्शियमच्या रेघांच्या अगदी शेजारचाच भाग घेतो, म्हणजे धूळ राहिलीच तरी दोन्हीकडे सारखी राहील. दिवाळीकडच्या ताऱ्यांचे जुने आकडे शाबूत आहेत. उन्हाळ्याकडच्या तिघांची नवी वही सरांनी पहिल्या पानापासून सुरू केली. काकू म्हणाल्या, "पंच्याहत्तरी जवळ आली, अन् पहिल्यापासून?" सर पेन्सिलीला टोक करत म्हणाले, "त्यानला कुठं घाई हाय?"

सर्व वाचकांनी, सरांच्या विद्यार्थ्यांनी आणि पाहुण्यांनी हे लक्षात घ्यावे, एवढीच विनंती. सरांचा निबंध कोणी नाकारलेला नाही.

अरुंधतीकेशातल्या त्या ताऱ्याचे आता दोन उन्हाळ्यांचे आकडे आमच्याकडे आहेत. तो खरोखर चढतो की उतरतो, हे सांगायला निदान एक पूर्ण फेरा मोजावा लागेल, म्हणजे आणखी नऊ-दहा उन्हाळे तरी. दोन वह्या जुळल्याशिवाय आकडा धरायचा नाही हा सरांचाच नियम, तेव्हा हे काम माझ्या एकट्याने होण्यासारखे नाही. सरांचे डोळे चांगले राहोत, गच्चीचा जिना चढायला गुडघे साथ देत राहोत, आणि तो फेरा पुरा होईल त्या सकाळी चहाच्या वेळी दुसरी वही त्यांच्याच हातात असो.