नारळ पडला आणि पाखरं उठली

या, असं जवळ येऊन बसा. लांबून बोलायची मला सवय न्हाई. आणि बसल्या बसल्या आधी माझी थोडी बोलणी खा. सुनंदाबाई गेल्या, तर तुम्ही सगळ्यांनी फोनवर हात जोडल्याची चित्रं पाठवली. बाईंच्या हाताखाली शिकलेल्यांनी सुद्धा! ज्या बाईनं आपल्याला पाटीवर हात धरून लिहायला शिकवलं, तिच्यासाठी दोन ओळी लिहाव्या असं एकीलाही वाटू नये? मंग म्हटलं, आपणच लिहावं. शुद्धलेखन चुकलं तर चुकलं.

त्या दिवशी मी मस्तगडच्या आमच्या घरी गच्चीवर तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. बाईंच्या मुलाचा फोन आला. "मावशी, आई गेली. झोपेतच गेली." माझ्या तोंडून निघालं, "अरे, परवाच तर बोलल्या माझ्याशी..." आता त्याला पाच आठवडे होतील. रडायचं तेवढं रडून झालं. बाईंना रडकं तोंड बिलकुल चालत नसे, म्हणून आज त्यांची हसायची गोष्ट सांगते.

सत्तरच्या पुढची सालं असतील. घनसावंगीजवळच्या आमच्या गावात बाई बदलून आल्या, तेव्हा मी दोन लेकरांची आई होते आणि मला माझं नाव लिहिता येत नव्हतं. शनिवारी सकाळची शाळा सुटली की दुपारी बाई आम्हा सहाजणींना घेऊन बसायच्या. पहिलं काम हजेरी. त्यासाठी एक जाड निळी वही होती. सासरी आल्यापासून मी थोरल्याची बायको, न्हाईतर पोरांची आई. बाईंनी "कौसल्या!" म्हणून खणखणीत हाक मारली की अंगावर काटा यायचा. "हजर!" म्हणायचं आणि पदर तोंडात कोंबून हसायचं.

माझ्या सासूबाईंना हे पटत नसे. बाई बौद्ध घरातल्या. सासूबाई त्यांच्याशी तोंडावर गोड बोलायच्या, पण त्यांच्या घरचं पाणी प्यायच्या न्हाईत. सून तिथं जाऊन बसते, हेही त्यांना टोचायचं. अशात एका हिवाळ्यात बाईंच्या डोक्यात आलं की आम्हाला पाखरं दाखवायची. पैठणकडं नवीन धरणाचं पाणी पसरलं होतं आणि त्या उथळ पाण्यात लांबून लांबून पाखरं येऊ लागली होती. पुढं सरकारनं तिथं अभयारण्य केलं. आम्ही गेलो तेव्हा कशाचीच पाटी नव्हती, नुस्तं पाणी आणि चिखल.

सासूबाई म्हणाल्या, "पाखरं काय गावात न्हाईत? कावळे मोजा की."

बाई म्हणाल्या, "मावशी, तुम्हीपण चला ना."

"येते तर येते! पण आत्ताच सांगते मास्तरीणबाई. तिथं काही दिसलं न्हाई, तर आमची सून तुमच्या शाळंत येणार न्हाई. बराबर?"

"बराबर," बाई म्हणाल्या. मी तेव्हा कुठं जोडाक्षरांपर्यंत पोचले होते...

दोन बस बदलून आम्ही पाण्याशी गेलो. एका भोयाची मासे धरायची होडी बाईंनी ठरवली होती. आम्ही आठजणी बसलो तशी ती अशी डुलली की आमच्यातल्या शेवंतानं मानच खाली घातली, ती परत येईस्तोवर वर केली न्हाई. काय पाहिलं म्हणून आजही विचारलं तर ती भोयाच्या पायाची बोटं सांगते! होडीत बसल्यावर बाईंनी पिशवीतून निळी वही काढली आणि हजेरी घेतली. मंग म्हणाल्या, "आता कुणी बोलायचं न्हाई. पाखरू आवाजानं उठतं."

बराच वेळ गेलो. दूर चिखलाच्या बेटावर पांढरं काहीतरी दिसाया लागलं. "रोहित पक्षी," बाई हळूच म्हणाल्या. भोई म्हणाला, पुढं गाळ हाय, होडी जात न्हाई. सासूबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांनी कपाळावर हात धरला, इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं.

"कुणी मीठ वाळू घातलंय व्हय?"

बाईंचा चेहरा उतरला. माझी शाळा त्या मिठापाशीच संपली होती... आणि सासूबाई तर उठून उभ्या राहिल्या. गोदावरीला आमच्याकडं गंगाच म्हणतात. गंगेच्या अंगावर यायचं आणि ओटी न भरता जायचं, हे त्यांच्या मनाला शिवलंच नसतं. त्यांनी पदराखालून खण काढला, नारळ काढला. बाईंना दिसलं काय होणार ते. त्यांनी अडवलं न्हाई. सासूबाई पडू नयेत म्हणून दोन्ही हातांनी त्यांची कंबर तेवढी धरली.

खण अलगद सोडला, हळद-कुंकू वाहिलं. पण नारळ हातातून निसटून होडीच्या काठावर आदळला, ठण्णकन! आणि तिथून धबाक् पाण्यात.

ते सगळं मीठ उठलं. उठलं आणि गुलाबी झालं! हजारो पंख उघडले. आत गुलाल, कडेला काजळ. आख्खं आभाळ आमच्या डोक्यावरून कलकलाट करत गेलं. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांनाही दिसावं एवढं. सासूबाई तोंड उघडं टाकून वर बघत राहिल्या. मंग म्हणाल्या,

"आणखी एक नारळ हाय का कुणाकडं?"

बाई इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की होडी कलंडायची वेळ आली. "बसा मावशी, बसा! त्यांना आता बसू द्या कुठंतरी."

परतताना ऊन चढलं होतं. सासूबाईंनी हात पुढं केला आणि बाईंच्या तांब्यातलं पाणी घटाघटा प्यायल्या. मी पाहिलं, बाईंनी पाहिलं. पदरानं तोंड पुसून सासूबाई म्हणाल्या, "त्या वहीत आमचं बी नाव टाका. ठकू. ठकूबाई." लग्नाला नऊ वर्षं झाली होती. सासूबाईंचं नाव मला त्या दिवशी कळलं.

मागच्या आठवड्यात बाईंचा मुलगा येऊन ती निळी वही मला देऊन गेला. कडा कुरतडल्यात, त्या दिवसाचं पान मात्र साबूत हाय. आम्हा सहाजणींच्या नावांपुढं 'ह', आणि खाली डुलत्या होडीत लिहिलेलं, वाकडंतिकडं 'ठकूबाई'. सगळी वही चाळली. बाईंचं नाव कुठंच न्हाई. हजेरी घेणाऱ्याचं नाव हजेरीत नसतंच. मी पेन घेतलं, शेवटच्या पानावर लिहिलं, सुनंदा. पुढं 'ह' घातला. अक्षर बरं आलं.

खालच्या ओळी कोऱ्या हायत. फोनवर हात जोडू नका, मस्तगडला या, जल्दी या. तुरीच्या शेंगा उकडून ठेवते. दारातूनच तुमचं नाव घेऊन हाक मारीन, तुम्ही तेवढं मोठ्यानं 'हजर' म्हणा.