टेपमधली जत्रा

मस्कतच्या बागेत हिवाळ्यात जत्रा भरायची, तेव्हा आम्ही जवळच्या सीब गावाहून पोरांना घेऊन जायचो. तिथे रत्नागिरीकडचा एक माणूस दर वर्षी दिसायचा, इस्त्रीच्या शर्टात, छातीशी टेपरेकॉर्डर धरून. पत्राऐवजी तो आईला कॅसेट पाठवायचा. तीत आकाशपाळण्याची करकर, ओमानी ढोल, लोकांचा गलका.

एकदा म्हणाला, "ताई, पोरांना जरा मराठीत बोलायला सांगा हो. आईला वाटू दे, मी आपल्या माणसांत आहे."

आमची पोरं आपसांत इंग्रजीच झाडायची. मी धाकटीला पुढे केलं. ती दमली होती. अडखळत म्हणाली, "आई, आपण घरी कधी जायचं?"

त्याने बटण दाबून टेप थांबवला.

"हे नको. आई तिकडून पाठवते त्या दर कॅसेटमध्ये हेच विचारते."

मग टेप मागे घेऊन त्याने त्या वाक्यावर ढोल भरला.