आईच्या पदराची कव्हरं

आई गेल्यावर तिच्या साड्यांचं गाठोडं आक्कानं माझ्याकडे दिलं. आक्का माझी थोरली बहीण, बोरगावला दिलेली. "तुझा हात शिवणीला बरा हाय. थंडीच्या आत मला एक वाकळ घालून दे. दुसरं काय नगं मला," एवढंच म्हणाली. आईच्या साड्यांचे थर लावून त्यावर हातानं धावदोरा घातला की तिच्या अंगाची ऊब राहते, असं आमच्याकडे मानतात.

मी गाठोडं घेऊन अनगोळला माझ्या घरी आले. त्याच आठवड्यात आमचा नवा सोफा आला आणि नवऱ्याच्या ऑफिसातली मंडळी जेवायला येणार होती. वाकळ म्हणजे चिकाटीचं काम, आणि चिकाटी माझ्याकडे कधीच नव्हती. सोफ्याची कव्हरं मात्र मशीनवर बघता बघता झाली. आईच्या हिरव्या इरकलीचा लाल पदर तर बसायच्या गादीच्या मापालाच उतरला. कापताना वाईट वगैरे काही वाटलं नाही. खोटं कशाला सांगू, मजा आली. पाहुण्यांनी तोंडभरून कौतुक केलं आणि मी फुगले. आक्काची वाकळ उरलेल्यातून घालू म्हटलं. उरल्या होत्या नुसत्या पट्ट्या.

मग एक दिवस आक्का न कळवता आली, हातात मेथीच्या जुड्या. हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि सोफ्याकडे बघत राहिली. पदर तिनं लांबूनच ओळखला. तशीच खाली फरशीवर बसली.

"वर बस की गं आक्का."

"नगं. हितंच बसतो मी. आईच्या पदरावर कशी बसू?"

मी चहाच्या निमित्तानं आत पळाले. सगळे पाहुणे बसून गेले होते, मीसुद्धा टीव्ही बघत लोळले होते. माझ्या कसं डोक्यात आलं नाही? बाहेर आले तर तिनं हळूच विचारलं, "वाकळ घातलीस व्हय गं?" आणि मी म्हटलं, "घेतलीया घालायला." आक्कानं मान डोलावली. तिला ते खरं वाटलं, याची मला जास्त लाज वाटली.

ती गेल्यावर सगळी कव्हरं उसवली. मशीनचे टाके बारीक. दोरा निघाला, पण सुईची भोकं राहिली. तुकडे जोडले, थर लावले, पदर तेवढा कडेला एकेरी सोडला आणि या वेळी चिकाटीनं धावदोरा घातला. थंडी निम्मी सरली तेव्हा वाकळ घेऊन बोरगावला गेले.

दुपारी आक्कानं ती अंथरुणावर पसरली. दोन्ही तळव्यांनी चाचपत पदर शोधला आणि थांबली.

"अगं, पदर पायथ्याला आलाय की."

काठाची नक्षी जुळवायच्या नादात मी पुन्हा तेच करून बसले होते. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. आक्कानं वाकळ उचलली, फिरवून पदर उशाकडे घेतला आणि आडवी झाली. मग लहानपणी उचलायची तसा एक काठ उचलून म्हणाली, "ये गं. गारठलीस."

मी आत शिरले. पदर अगदी तोंडाशी आला होता. त्याच्या भोकांतून उजेड येत होता.