तेलाचं कॉलेज

माझी शाळा चौथीत सुटली, कारण धाकटा भाऊ रांगायला लागला होता. आई भातखाचरात, आबा बैलांमागं. पोराला कडेवर घ्यायला घरात मीच. मास्तर बोलवायला आले तेव्हा आबा म्हणाले, "तिला काय मामलेदार व्हायचंय?"

तोच भाऊ पुढं पुण्यात शिकला. मुळशीतल्या आमच्या मुठा गावी ओढ्याकाठी करंज होते. त्यांचं तेल दिव्याला चाले, बैलांच्या खरजेला चाले, पण कडू म्हणून खायला नाही. हा लहानपणी विचारायचा, "आक्का, ह्यातला कडूपना काडता यील का गं?" मला काय ठाऊक. बी.एस्सी. झाल्यावर त्याला कळलं, तेलांचंच रसायन शिकवणारं कॉलेज नागपुरात आहे. नवऱ्याच्या रेल्वेच्या नोकरीपायी मीही नागपुरातच होते. त्याला प्रवेश मिळाला, पण वसतिगृह भरलेलं. तो आमच्याकडं राहील का, हे सासूबाईंना विचारताना मी पदराचा चोळामोळा केला. त्या आमच्या मुळशीतल्याच, भूगावच्या, फटकळ. म्हणाल्या, "यीना का. दोन भाकरी जास्त थापीन. तू कशापायी पदर चुरगाळतीस?" ते उपकार मी विसरणार नाही.

आबा भावाला घेऊन आले ते नाही म्हणायलाच. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. लग्नाला इतकी वर्षं होऊन माझी कूस रिकामीच होती. आबा क्वार्टरच्या ओसरीवर बसले. भाकरी गावाहून बांधलेली, वाळून कडक झालेली. शेजारी फिरकीच्या झाकणाचा तांब्या, स्टेशनच्या नळावर भरलेला.

"पुन्यात रसायन न्हाई व्हय? लेकीच्या घरचं मी पानी पीत न्हाई, आन् ल्योक हितं ऱ्हाऊन जेवनार? गाव त्वांडात शेन घालंल."

"पुण्यात सगळंच थोडं थोडं शिकवत्यात, आबा," भाऊ म्हणाला. "मला तेलच शिकायचंय."

"मंग घान्यावर जाऊन बस की."

आतून सासूबाई म्हणाल्या, "पाव्हणं, घान्याचा बैलबी पानी पितो."

आबांनी ऐकलं न ऐकलंसं केलं. घास अडकला तसा तांब्या तोंडाला लावला. दोन थेंब निघाले. भाऊ तो घेऊन रस्त्यावरच्या नळाकडं निघाला. मी त्याच्या हातातून तांब्या काढून घेतला.

"आबा, मूल झाल्याबिगर पानी चालत न्हाई ना? मंग ह्यो कोन हाय? शाळा सोडून ह्याला कडंवर कुनी वागवला? भाताचं पयलं शीत कुनी चारलं? माझं लेकरूच हाय ह्यो, आन् त्याला मी हितं ठिवनार. तुमी रीत मोडू नका. रीत कवाच पुरी झालीया."

आता आबा उठून चालू लागले तर पुन्हा या दारात यायचे नाहीत, हे मला ठाऊक होतं. तरी मी आत गेले, माठातलं पाणी तांब्यात ओतलं आणि तो त्यांच्यापुढं ठेवला.

आबा हातानं तांब्या बाजूला सारून म्हणाले, "ह्यो न्हाई. ह्यो परवासाचा. घरातलं फुलपात्र आन."

दुसऱ्या दिवशी भाऊ कॉलेजात नाव घालून आला. आबांच्या परतीच्या गाडीसाठी तांब्या मी आमच्याच माठातून भरला, आणि झाकण चांगलं आवळून बसवलं.