आईने मागितलेला छोटासा अपघात

माझ्या आईने मारुतीला नवस बोलला होता की, आमच्या साखर कारखान्यात एक अपघात होऊ दे.

आई तशी वाईट बाई नाही. (मुंग्यांना साखर घालते. साखर कारखान्याचीच असते, पण ते असो.) तिला फक्त मुलाची नोकरी कायम झालेली बघायची होती. आणि माझी नोकरीच अशी, की सगळं सुरळीत चाललं की ती जायची पाळी!

त्याचं असं झालं. मी बीएस्सी झालो, सेकंड क्लासात. पुढे काय करावं सुचेना, म्हणून मुंबईला जाऊन कारखान्यांतल्या सुरक्षिततेचा एक कोर्स केला. कोर्स छोटा, पण सर्टिफिकेट एवढं मोठं की येताना एस्टीत ते उघडलं तर शेजारचा माणूस दुसऱ्या सीटवर जाऊन बसला. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्याला फ्रेम केली. देवळालीच्या शाळेत मास्तरकी करून ते नुकतेच रिटायर झाले होते, आणि फ्रेम करण्यासारखं घरात दुसरं काही नव्हतं.

त्याच सुमाराला आमच्या भागातल्या कारखान्याला सरकारी इन्स्पेक्टरने बजावलं होतं की सुरक्षिततेसाठी कुणीतरी माणूस ठेवा. 'कुणीतरी' या व्याख्येत मी बरोबर बसत होतो. फ्रेम काखेत मारून मुलाखतीला गेलो. चेअरमनसाहेब स्वतः शेतकरी माणूस. त्यांनी सर्टिफिकेट पुढून बघितलं, मागून बघितलं आणि काचेवर टिचकी मारली.

"म्हंजे तू करनार काय?"

"अपघात होऊ देणार नाही, साहेब."

"आन् न्हाई झाला, तर तुझ्यामुळं न्हाई झाला का आमच्या नशिबानं, हे आमाला कळनार कसं?"

या प्रश्नाचं उत्तर कोर्समध्ये नव्हतं. मी हसलो. तेही हसले. त्या हसण्यावर मला घेतलं, पण एका सीझनपुरतं.

पगार ठरवताना मॅनेजरसाहेबांची पंचाईत झाली. फिटरला काय द्यायचं, साखर शिजवणाऱ्याला काय द्यायचं, सगळं ठरलेलं. काही होऊ न देणाऱ्याला काय द्यायचं, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. शेवटी गेटवरच्या वॉचमनपेक्षा थोडा जास्त धरला, कारण वॉचमन बीएस्सी नव्हता. आणि फिटरपेक्षा बराच कमी, कारण फिटरला फिटिंग येत होतं.

बसायला जागा मिळाली स्टोअरमध्ये, रिकाम्या पोत्यांच्या थप्पीशेजारी. कारखान्याने एक हेल्मेट घेतलं. एकच. ते मीच घालून फिरायचो, आणि मी दिसलो की कामगार एकमेकांना म्हणायचे, "सरका, घमेलं आलं." मी म्हणायचो, मशीनच्या पट्ट्याजवळ धोतर खोचून घ्या. ते खोचायचे. मी वळलो की सोडायचे. पण सांगायला आनंद वाटतो की सीझनभर कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

आनंद फक्त मलाच वाटला. गाळप संपलं तसं चेअरमनसाहेबांनी बोलावून घेतलं. म्हणाले, "सीझनभर एकबी अपघात न्हाई. मंग तुला ठिवायचं कशापायी?" मी म्हणालो, साहेब, ते माझ्यामुळेच. ते म्हणाले, तुझ्या आधी दोन सीझन झाला नव्हता, तो कुणामुळं? मला पुन्हा हसावं लागलं. शेवटी ते एवढ्यावर आले की गुरुवारी डायरेक्टर लोकांची मीटिंग आहे, चार वाजता ये आणि तुला काय येतं ते सगळ्यांना करून दाखव. मग बघू.

आता या गुरुवारात आणखी एक भानगड होती. जामखेडहून नाना यायचे होते. नाना म्हणजे सुमनचे वडील, तहसील कचेरीतले कारकून. सुमनने मला बघितलं होतं, मी सुमनला बघितलं होतं, आणि माझ्यापुरतं सगळं ठरलेलं होतं. अडलं होतं नानांच्या एका प्रश्नावर, "मुलगा कायम आहे का?" याचं उत्तर ऐकायला ते गुरुवारी दुपारच्या एस्टीने येणार होते.

नवस बोलायची वेळ आईवर आली ती इथे. तिने मला सगळं विश्वासात घेऊन सांगितलं. मारुतीला अटी घातल्या होत्या. अपघात छोटा हवा. रक्त नको. लेकुरवाळा माणूस नको. आणि झाल्यावर वसंताने, म्हणजे मी, लगेच धावून जावं, म्हणजे सगळ्यांना कळेल.

"अगं, अपघात होऊ नये म्हणून मला पगार देतात," मी म्हणालो.

"तो किती देतात ते ठाऊक आहे मला," आई म्हणाली, आणि विषय संपला.

मी मात्र मीटिंगमध्ये प्रथमोपचार करून दाखवायचं ठरवलं. बँडेज हा माझा हातखंडा विषय. गुरुवारी जेवणं झाल्यावर आई देवळात गेली आणि रंगीत तालमीसाठी मी अण्णांना बाहेरच्या खोलीत कॉटवर झोपवलं. आम्ही कारखान्याच्या कॉलनीत राहायचो, दोन खोल्या, दार सरळ रस्त्यावर उघडायचं. हे दार पुढे महत्त्वाचं आहे.

आधी डोकं बांधलं. मग हात गळ्यात. मग दोन्ही पाय एकत्र. पायाला आधाराला लांब फळी मिळेना, म्हणून कोपऱ्यातला ऊस घेतला. शेवटी जबडा राहिला. अण्णा म्हणाले, "वसंता, जबडा राहू दे, मला बोलायचं..." तेवढ्यात मी जबडा बांधला. सगळा उन्हाळा पुरलं असतं इतकं बँडेज एका माणसात संपलं, तरी एक टोक उरून जमिनीवर लोळत होतं. ते खोचणार, एवढ्यात कारखान्याचा भोंगा झाला.

भोंग्याची ती वेळ नव्हती. अवेळी वाजला म्हणजे अपघात. मारुतीने ऐकलं! हेल्मेट घातलं आणि अण्णांना तसंच टाकून धावत सुटलो.

धापा टाकत गेटवर पोचलो तर वॉचमन तंबाखू मळत बसलेला. सीझन संपल्यावरची साफसफाई चालली होती, त्यात कुणीतरी भोंगा वाजतो का बघितला होता. वाजत होता.

इकडे घरी काय झालं ते मला नंतर कळलं. शेजारच्या पारूबाई ताक द्यायला आल्या. आधी तो अवेळी भोंगा आणि पाठोपाठ कॉटवर हा देह. त्यांनी विचारलं, "मास्तर, काय झालं वो?" अण्णा म्हणाले, "म्म." तीस वर्षं वर्गात बोललेला माणूस नुसतं 'म्म' म्हणतोय म्हटल्यावर पारूबाईंनी ताक तिथेच ठेवलं, आणि कॉलनीभर बातमी गेली की मास्तर कारखान्यात मशीनमध्ये सापडले. ती मीटिंगमध्येही गेली. चेअरमनसाहेब जीप काढून थेट आमच्या घरी. आणि त्याच वेळी एस्टीतून उतरलेले नाना पिशवी घेऊन दारात.

खोलीत माणसंच माणसं. तेवढ्यात प्रसाद घेऊन आई आली. अण्णांकडे बघितलं आणि मटकन खाली बसली.

"छोटा म्हणाले होते रे देवा," ती रडत म्हणाली, "छोटा! आणि घरातला कुठे मागितला होता?"

चेअरमनसाहेबांनी हळूच विचारलं, "वैनी, म्हंजे तुमी अपघात मागितला हुता?"

आईने नवस अटींसकट सांगितला. नानांसमोर.

मी खात्रीसाठी कारखान्यात एक चक्कर मारून गेटवर परत आलो, तर वॉचमनने मला थांबवलं. म्हणाला, इथं काय बघताय, अपघात तुमच्याच घरी झालाय, चेअरमन गेलेत. मी परत धावत निघालो. गर्दीतून ओरडत घरात शिरलो, "कुणी हात लावू नका, मी प्रशिक्षित आहे!" आणि ते लोळणारं टोक माझ्या पायात अडकलं.

मी पडलो. आधी पारूबाईंच्या ताकात, मग हातावर. कट्कन आवाज झाला तो सगळ्यांनी ऐकला. हेल्मेटला ओरखडासुद्धा आला नाही.

मग नानांनी अण्णांना सोडवलं आणि अण्णांनी तेच बँडेज माझ्या हाताला बांधलं. माझ्यापेक्षा बरं बांधलं. बांधता बांधता, तालमीचं सगळं त्यांनी शांतपणे सांगितलं. चेअरमनसाहेब टोपी काढून कॉटवर टेकले. ऊस हातात घेऊन निरखला. नाना पिशवी उचलायला वाकले, आणि मला जामखेडची एस्टी सुमनसकट लांब जाताना दिसायला लागली.

"सीझनभर ह्यो कारखान्यात हुता," चेअरमनसाहेब म्हणाले, "तर हितं समदी धड हुती. आज एक दुपार घरी राह्यला, तर बाप बांधलेला, आय रडतीया, आन् सोताचा हात मोडला." ते नानांकडे वळले. "पाव्हनं, ह्याला आमी कायम करतो. कारखान्यासाठी न्हाई. ह्याच्या घरच्यांच्या जिवासाठी."

नानांनी पिशवी खाली ठेवली. "रविवारी सुट्टी असते का हो त्यांना?" एवढंच त्यांनी विचारलं.

लग्न झालं. गळ्यात हार आणि गळ्यातच हात, असे फोटो आहेत. मारुतीला नारळ गेला. पगार अजूनही वॉचमनपेक्षा थोडाच जास्त आहे, आणि कारखान्यात अजूनही काही होत नाही. परवा खिळा ठोकायला म्हणून मी घरात स्टुलावर चढलो. सुमनने निमूटपणे पोराला कडेवर घेतलं, सासूबाईंना बाहेर ओट्यावर नेऊन बसवलं आणि आत येऊन हेल्मेट माझ्या हातात दिलं.

"तुम्ही जरा कारखान्यात जाऊन या," ती म्हणाली, "तोवर मी ठोकते."