वैशालीसाठी मंजूर करून आणलेला संडास

"कायदा मला मान्य आहे हो. पण बायांची हरकत आहे, त्याचं काय करू?" डाळ मिलचे शेठ म्हणाले.

वैशालीला त्यांनी पंधरा दिवसांपूर्वी कामावरून काढलं होतं. ती तृतीयपंथी. जळगावच्या या मिलमध्ये तीन वर्षं डाळ निवडत होती. मी धुळ्याच्या एका संस्थेत सोशल वर्कर. आमच्या कामाला ॲडव्होकसी म्हणतात. म्हणजे एखाद्याची बाजू त्याला सोबत घेऊन मांडायची. मी तिला बाहेर बाकावर बसवून एकटाच केबिनमध्ये गेलो होतो.

"बायांना एकच संडास आहे. त्या म्हणतात, ही नको."

मला वाद झेपत नाही. "मग हिच्यासाठी वेगळा बांधू," मी म्हणालो. लगेच कागदावर आराखडा काढला. खिडकी इथे, नळ तिथे. फरशीचा रंगसुद्धा सुचवला. शेठ खूश झाले.

"अनुदान मिळालं की बांधतो. तोवर तिने घरी थांबावं."

आम्ही हात मिळवले. मी बाहेर आलो.

"वैशाली, जमलं!"

"उद्या येऊ कामाला?"

"नाही. संडास झाला की."

तिने आराखडा उलटसुलट करून पाहिला. "भाऊ, तुम्ही माझ्या बाजूनं आला होतात ना?"

माझे कान तापले.

"हरकत कोणाची, ते तरी विचारू. चला," ती म्हणाली. वीस वर्षांच्या नोकरीनंतर हे मला सुचायला हवं होतं.

शेडमध्ये बाया डाळ निवडत होत्या. वैशाली दिसताच सगळ्यांत वडीलधाऱ्या कमलअक्का ओरडल्या, "कोठे गयथी वं माय?"

मी हरकतीचं विचारलं.

"आमले कोनी इचारं?" अक्का उसळल्या. "संडासना दारले कडी नही शे. ही बाहेर हुभी ऱ्हाये, तव्हय आम्ही आत जाऊत!"

म्हणजे वैशाली दाराबाहेर त्यांची राखण करायची. शेठ मागेच येऊन उभे होते. "मला मुकादमाने सांगितलं," ते पुटपुटले.

मुकादम शेडमध्येच होता. तो म्हणाला, "मला वाटलं, बायांना तसं वाटत असेल."

वैशाली दुसऱ्या दिवशी कामावर आली. संध्याकाळपर्यंत कडीही बसली.

एका माणसाला वाटलं म्हणून ती पंधरा दिवस घरी बसली. मी तर त्या वाटण्याला नळ जोडून आलो होतो. हल्ली मी केबिनच्या आधी शेडमध्ये जातो.

संस्थेच्या रिपोर्टमध्ये मी लिहिलं, 'मध्यस्थी यशस्वी'. मध्यस्थी वैशालीने केली, एवढं लिहायचं राहिलं. ते इथे लिहून ठेवतो.